चित्राच्या पाठीवर

पिंगुळीचा चित्रकथी जमिनीवर मांडी घालून बसतो. समोर तिरकी फळी असते आणि फळीला टेकवलेलं एक चित्र. वहीची दोन पानं उघडून धरावीत, जेमतेम तेवढं. हातात वीणा, बाजूला टाळ आणि हुडूक घेतलेले साथीदार. चित्रात दोन वीर रथांत बसून एकमेकांसमोर उभे ठाकलेत. डोळे केवढाले, चेहरे एकाच बाजूने दिसणारे, आणि दोघांच्या मधली सगळी जागा बाणांनी भरून गेलेली. बाण सुटलेत, पण एकही पोचलेला नाही. चित्र काढणाऱ्याने ते हवेत ठेवले आणि तेव्हापासून ते तिथेच आहेत. मग हुडूक घुमायला लागतो, आवाज चढतो, आणि समोर बसलेल्या माणसाला बाण लागल्याचं दिसतं. चित्रातली एक रेघही हललेली नसते.

मला या क्षणाचं विलक्षण नवल वाटत आलं आहे. चित्र एका जागी थांबलेलं असतं. गोष्टीला मात्र थांबून चालत नाही, तिला ‘मग काय झालं?’ लागतं. मग थांबलेल्या चित्रातून काळ पुढे सरकतो कसा? त्याला ढकलतं कोण? ज्या ज्या मुलखात माणसांनी चित्रांतून गोष्टी सांगितल्या, तिथे तिथे या प्रश्नाचं उत्तर शोधलं गेलं. कुणी काठी घेतली, कुणी दिवा, कुणी नुसतं बोट.

पिंगुळी हे सिंधुदुर्गात कुडाळजवळचं गाव. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिला सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता. एका आख्यानाच्या चित्रांचा जो संच असतो त्याला ‘पोथी’ म्हणतात. ही पोथी वाचायची नसते, दाखवायची असते. शब्द सगळे सांगणाऱ्याच्या तोंडी. चित्रांचे कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात, त्यामुळे एक प्रसंग संपला की चित्र उलटायचं आणि मागे पुढचा प्रसंग तयार. चित्राच्या पाठीवर काय असतं, हे लक्षात ठेवा. आपण तिकडे परत येणार आहोत.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीची जुनी चित्रं आहेत. पैठणला मिळाली म्हणून अशा चित्रांना ‘पैठण शैली’ हे नाव पडलं. चित्रकथी हा शब्द मात्र याहून कितीतरी जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ लिहवला, त्यात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख येतो.

आणखी पाचशे वर्षं मागे जाऊ. बाणभट्टाच्या ‘हर्षचरितात’ एक प्रसंग आहे. वडील आजारी असल्याचा निरोप येतो आणि तरुण हर्ष घोडा पिटाळत राजधानीकडे निघतो. नगरात शिरतो तर बाजाराच्या रस्त्यावर पोरांचा घोळका. घोळक्याच्या मधोमध एक यमपट्टिक. त्याच्या डाव्या हातात काठीला टांगलेला पट, पटावर रेड्यावर बसलेला यम. उजव्या हातात बोरू, आणि त्या बोरूने तो परलोकातल्या गोष्टी एकेक करून दाखवतो आहे. वडील मरणाच्या दारात, आणि मुलाला वाटेत भेटतो तो यमाचं चित्र दाखवणारा. बाणाने हा अपशकुन फार नेमका योजला आहे. पण मला त्यात रस्ता दिसतो: सातव्या शतकातला बाजार, भोवती जमलेली पोरं आणि चित्रावरून फिरणारी काडी. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसात’ तर चाणक्याचा हेर यमपट घेऊन हिंडतो. चित्रवाला कुणाच्याही दारात उभा राहिला तरी त्याला हाकलत नसत, हे चाणक्याला पक्कं माहीत असणार.

ती काडी पुढे जगभर भेटते. जर्मन मुलखात जत्रेत एक माणूस छोट्या बाकड्यावर चढायचा, खून, पूर, आगी यांच्या चित्रांचा मोठा फलक टांगायचा, आणि लांब काठीने एकेका चौकटीवर टकटक करत गाणं म्हणायचा. बाकड्यावरून गायचं म्हणून त्या गाण्याचं नाव ‘बेंकेलझांग’. इटलीत तोच माणूस ‘कांतास्तोरिए’ म्हणून ओळखला जाई. इराणात पडदा टांगून करबलाची कथा सांगत, आणि ऐकणारे ढसाढसा रडत.

काठी एक काम करते: आत्ता इथे बघ, असं सांगते. पण चित्रातले प्रसंग ओळीने मांडलेच नसतील तर?

अजिंठ्याला गेलात तर दहाव्या लेण्यातलं छद्दंत जातक जरूर बघा. आता ते फार पुसट झालंय, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं. गोष्ट सहा सुळ्यांच्या गजराजाची. त्याची एक राणी मत्सराने जळते, मरते, पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि त्याचे सुळे आणायला शिकारी धाडते. जखमी गजराज स्वतःच शिकाऱ्याला सुळे कापायला मदत करतो. ते सुळे समोर आल्यावर राणी कोसळते. ही गोष्ट भिंतीवर ‘आधी हे, नंतर ते’ अशी शोधायला गेलात तर हरवाल. चित्रकाराने ती ठिकाणांप्रमाणे लावली आहे. राजवाड्यात घडलेलं राजवाड्यापाशी, रानात घडलेलं रानापाशी. गोष्ट राजवाड्यातून रानात जाते, परत येते, आणि बघणाऱ्याची नजरही तिच्याबरोबर भिंतीवर येरझाऱ्या घालते. अभ्यासक विद्या देहेजिया यांनी अजिंठ्याच्या चित्रांतली ही स्थळाप्रमाणे मांडणी उलगडून दाखवली आहे. आपण ‘त्या दिवशी काय झालं’ म्हणतो, पण आठवताना आधी जागा आठवते, ओसरी, विहीर, एस्टीचा थांबा, हे ज्याला पटतं त्याला ही भिंत परकी वाटणार नाही.

अशी भिंत गुंडाळून खांद्यावर टाकता आली तर? राजस्थानात तेच करतात. पाबूजीची फड म्हणजे साधारण पंधरा फूट लांबीचं रंगवलेलं कापड. पाबूजी हा मारवाडातल्या कोळू गावचा राठोड वीर. मारवाडात सांडण्या त्याने आणल्या असं मानतात, म्हणून उंट पाळणारे रबारी त्याला देव मानतात. फडीच्या मधोमध कोळूचा दरबार आणि त्यात सगळ्यात मोठा काढलेला पाबूजी. एका टोकाला दशमुखी रावणाची लंका, कारण सांडण्या तिथून आणल्या. दुसरीकडे उमरकोट, जिथे पाबूजीचं लग्न ठरलं. म्हणजे फड हा एक नकाशाच आहे. जॉन स्मिथ या अभ्यासकाने पाबूजीच्या महाकाव्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि दाखवून दिलं की इथेही चित्रं काळाच्या क्रमाने नाहीत, जागेच्या क्रमाने आहेत. एकच घोडेस्वार वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळ्या स्वाऱ्यांसाठी उपयोगी पडतो.

मग कुठली स्वारी आत्ताची, ते कळतं कसं? अंधार पडल्यावर फड उभी करतात. भोपा, म्हणजे पाबूजीची कथा गाणारा पुजारी, रावणहत्था वाजवत गातो, नाचतो, पायात घुंगरू. त्याच्या बायकोच्या, भोपीच्या हातात तेलाचा दिवा. गाणं जिथे पोचलं तिथे ती दिवा धरते. कापडाचा एवढासा तुकडा उजळतो, बाकीचा पाबूजी, लंका, उमरकोट, सगळं काळोखात. दिवा सरकला की गोष्ट सरकली. मला वाटतं, जगात चित्रातून काळ पुढे नेण्याची याहून सुंदर युक्ती कुणी शोधली नसेल. चित्र सगळं एकदम हजर आहे, जसं देवाला सगळं एकदम दिसत असेल तसं; माणसांना मात्र दिव्यापुरतंच.

फड रंगवणारे जोशी भीलवाडा-शाहपुऱ्याकडचे. पाबूजीच्या डोळ्यांतली बुबुळं ते सगळ्यात शेवटी रंगवतात. तोवर ते कापड असतं, डोळे उघडले की देऊळ. म्हणून फाटलेली फड कुणी टाकून देत नाही. ती ‘ठंडी’ करतात, म्हणजे विधीपूर्वक पाण्यात सोडतात, पुष्करच्या तलावात.

दिव्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून आपल्याकडचं एक सांगतो. १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली पुराणातली चित्रं आणि कंदिलाच्या उजेडात पडद्यावर पडणाऱ्या त्यांच्या मोठ्या प्रतिमा. मायावी शंबरासुराच्या नावावरून बेतलेला तो शब्द उच्चारला तरी अंधारात काहीतरी हलल्यासारखं वाटतं. इथे दिवा चित्राच्या पुढून मागे गेला.

बंगालमध्ये दिवा लागत नाही, बोट पुरतं. पश्चिम मेदिनीपूरच्या पिंगला भागातलं नया हे पटुआंचं, म्हणजे पट रंगवून गाणाऱ्यांचं गाव. कागद एकाखाली एक चिकटवून लांब पट करतात, पाठीला जुन्या साडीचं कापड लावतात म्हणजे फाटत नाही. रंग पानाफुलांचे, माती-काजळीचे, आणि ते टिकावेत म्हणून त्यात बेलफळाचा डिंक. पटुआ पट वरून खाली उलगडत जातो, गात जातो, आणि बोट चौकटीमागून चौकटीवर उतरत जातं. आडनाव सगळ्यांचं चित्रकार. धर्माने बहुतेक जण मुसलमान, आणि पटावर मनसादेवी, राम-सीता, दुर्गा, तसेच पीरही. हे सगळं त्यांच्या गळ्यात एकाच सुरात नांदतं. गावोगाव हिंडणाऱ्याला बातमी सांगावी लागते, म्हणून पटावर बातमीही येते. न्यू यॉर्कचे जुळे मनोरे पडले, त्यांचा पट झाला. २००४ च्या त्सुनामीचा झाला: वर राक्षसासारखं तोंड वासलेला समुद्र आणि खाली वाहून जाणारी माणसं, गुरं. बंगालच्या जुन्या पटांच्या तळाशी यमाचा दरबार असे. बाणभट्टाच्या बाजारात पोरं ज्याच्याकडे बघत होती, तोच यम.

समुद्रापलीकडे हे कसं गेलं असेल? व्हिक्टर मेअर या चिनी भाषेच्या अभ्यासकाने १९८८ मध्ये यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. चित्रावर बोट ठेवून गोष्ट सांगण्याची रीत भारतातून बौद्ध भिक्षू आणि भटक्या कथेकऱ्यांबरोबर आशियाभर पसरली, असं त्यांचं म्हणणं. सगळं एकाच उगमातून आलं असेल की नाही यावर वाद घालता येईल. पण त्या वाटेवर जे जे सापडतं ते पाहण्यासारखं आहे.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला चेंग ह या चिनी दर्यासारंगाच्या आरमाराबरोबर मा हुआन नावाचा दुभाषा जावा बेटावर उतरला. त्याने लिहून ठेवलंय: एक माणूस कागदावर माणसं, पक्षी, पशू काढतो, चित्राची गुंडाळी काठ्यांना लावतो, मांडी घालून जमिनीवर बसतो आणि चित्र लोकांसमोर उलगडत मोठ्या आवाजात एकेक भाग समजावून सांगतो. लोक गोल बसून ऐकतात, मधेच हसतात, मधेच रडतात.  हे आपल्या देशातल्या कथेकऱ्यांसारखंच आहे, असंही त्याने लिहिलं.

जावातल्या त्या प्रकाराचं नाव ‘वायांग बेबर’. बेबर म्हणजे उलगडणं. झाडाच्या सालीपासून कुटून केलेल्या कागदावरची ही चित्रं आता मोजक्या घराण्यांकडेच उरली आहेत, त्यांतली पाचितान भागातली प्रसिद्ध. सहा गुंडाळ्या, प्रत्येकीत चार प्रसंग, एकूण चोवीस. त्यांतला चोविसावा उलगडायचा नाही, अशी तिथली रीत. तेविसाव्यापाशी थांबतात.

सांगणाराच नसेल तर चित्राला स्वतःच चालावं लागतं. जपानात बाराव्या शतकात काढलेले लांब चित्रांचे पट, ‘एमाकी’, एकट्याने बसून बघायचे. डाव्या हाताने उलगडायचं, उजव्याने गुंडाळत जायचं, डोळ्यांसमोर हातभर चित्र. वेळेची दोरी बघणाऱ्याच्या हातात. ‘बान दाइनागोन’ नावाच्या एमाकीत क्योतोच्या ओतेनमोन दरवाजाला ८६६ साली लागलेल्या आगीची गोष्ट आहे. आग एका दरबाऱ्याने लावली, आणि त्याला बघितलं होतं एका साध्या नोकराने, पण तो भीतीने गप्प राहिला. हे गुपित फुटतं ते पोरांच्या भांडणातून. एमाकीत ते सगळं एका छोट्या वर्तुळात काढलंय. दोन पोरं झिंज्या धरून भांडतायत. एकाचा बाप धावत येतोय. त्याच्याच खाली तोच बाप आपल्या पोराला मागे घालून दुसऱ्याच्या पोराला लाथ घालतोय. बाजूला आई आपल्या पोराला हाताला धरून घरात ओढून नेतेय. एकच पोरगा, एकच बाप, तेवढ्याशा जागेत पुन्हा पुन्हा. नजर गोल फिरते आणि भांडण घडून जातं. लाथ खाल्लेल्या पोराचा बाप तोच नोकर, आणि लाथ घालणारा त्या दरबाऱ्याचाच माणूस. संतापाने नोकराच्या तोंडून आजवर दाबलेली गोष्ट बाहेर पडते. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला गल्लीतलं भांडण असं आतून माहीत होतं!

आशियाशी काहीही संबंध नसलेल्या मेक्सिकोतही माणसं याच कोड्याशी झुंजली. तिथल्या मिश्तेक लोकांच्या हरणाच्या कातड्याच्या घडीच्या पोथ्या आहेत, त्यांतली एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या एका बाजूला एका राजाची हकीकत येते. त्याचं नाव असं लिहितात: आठ टिंबं आणि हरणाचं डोकं. जन्माच्या तिथीवरून ठेवलेलं ‘आठ हरीण’. पानावर तांबड्या रेघा आखल्यात, नजरेने त्या रेघांच्या गल्ल्यांतून नागमोडी जायचं. राजा कुठून कुठे चालत गेला ते कसं दाखवलंय? पावलांच्या ठशांनी. आपल्याकडे गौरी आणताना दारापासून आतपर्यंत पावलं काढतात ना, तशी छोटी छोटी पावलं. आणि टेकडीत रुतलेला बाण दिसला की समजायचं, ते गाव जिंकलं.

आता चित्राच्या पाठीकडे.

१९०० साली चीनच्या वाळवंटाकाठी, दुनहुआंगच्या लेण्यांत, एका भिंतीआड बंद केलेली खोली सापडली. अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराला ती चिणून टाकली होती, आत हजारो हस्तलिखितं. त्यांतला एक पट आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. बुद्धाचा शिष्य सारिपुत्र आणि त्याचा प्रतिस्पर्धी यांच्यातल्या चमत्कारांच्या सामन्याची गोष्ट. एक डोंगर उभा करतो, दुसरा तो फोडतो. एक बैल सोडतो, दुसरा त्यावर सिंह. पटाच्या पुढच्या बाजूला ही चित्रं आहेत. उलटून पाहिलं तर पाठीवर, त्या त्या प्रसंगामागे, त्याची पद्यं लिहिलेली. म्हणजे चित्र लोकांकडे, शब्द सांगणाऱ्याकडे. मागे बसलेल्या त्या माणसाच्या ओठांची हालचाल मला त्या पाठीवर जवळजवळ दिसते.

हजार वर्षांनी, १९३० च्या सुमाराला, तोक्योच्या गल्लीत सायकल थांबते. सायकलवर लाकडाची पेटी. माणूस दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटतो, टाक्‌, टाक्‌, आणि पोरं धावत येतात. आधी गोळ्या-चिकी विकायची, ज्यांनी घेतली ती पुढे बसणार. मग पेटीवरची छोटी रंगभूमी उघडते, तिच्या चौकटीत चित्र. याचं नाव ‘कामिशिबाई’, कागदाचं नाटक. मंदीत बेकार झालेले आणि बोलपट आल्यावर काम गेलेले मूकपट-निवेदक यांतले कितीतरी जण या धंद्यात आले. सुपरमॅनच्याही आधी कवटीचं तोंड आणि झगा असलेला ‘सोनेरी वटवाघूळ’ हा वीर याच चौकटीत उडाला. ‘गेगेगे नो कितारो’ या चित्रमालिकेचा मोठा चित्रकार शिगेरू मिझुकी कामिशिबाईचीच चित्रं काढत घडला. १९५३ ला जपानात टीव्ही आला, तेव्हा लोक त्याला ‘विजेची कामिशिबाई’ म्हणाले. सायकली हळूहळू दिसेनाशा झाल्या.

पण शाळा-ग्रंथालयांसाठी छापलेले संच आजही वापरतात, आणि त्यांची रचना हातात घेऊन बघण्यासारखी आहे. सगळी चित्रं एकामागे एक चौकटीत उभी. समोरचं चित्र बाजूला सरकवून बाहेर काढायचं आणि सगळ्यांच्या मागे घालायचं. ते कसं काढायचं यातच सगळी गंमत. समजा, पहिल्या चित्रात बंद दार आहे. अर्धंच सरकवलं आणि थांबलं, तर मागच्या चित्रातली फक्त शेपटी दिसते. कुणाची? पोरं जागची उठतात. मग झटकन ओढायचं. काही संचांत कुठे अर्ध्यावर थांबायचं, कुठे झटका द्यायचा, हेही छापलेलं असतं. भोपीचा दिवा आणि चित्रकथीचं पान उलटणं, दोन्ही कामं इथे एकटा हात करतो.

सांगणारा चौकटीमागे उभा असतो, त्याला दिसते ती सगळ्यात मागच्या चित्राची पाठ. म्हणून पहिल्या चित्राचे शब्द त्या शेवटच्या चित्राच्या पाठीवर छापलेले असतात. पहिलं चित्र ओढून मागे घातलं की त्याची पाठ समोर येते, तिच्यावर दुसऱ्याचे शब्द. दुसऱ्याच्या पाठीवर तिसऱ्याचे. असं करत करत शेवटचं चित्र चौकटीत येतं, गोष्ट संपते, पोरं पांगायला लागतात. तो शेवटचं चित्र ओढतो आणि मागे घालतो. चौकटीत पुन्हा ते बंद दार, आणि त्याच्यासमोर पहिलं वाक्य.